अफूची पेटी, मोहाची दारू आणि गर्द : डहाणू–तलासरी परिसराच्या संदर्भात अमली पदार्थांच्या पुरवठ्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला आहेत. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस गुजरात राज्यातील उंबरगाव तालुका व त्यापुढे दमण, ईशान्येस दादरा व नगर हवेली अशी त्यांची सीमा आहे. मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग याच परिसरातून जातात. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा इत्यादी आदिवासी जमाती येथे मोठ्या संख्येने राहतात. किनाऱ्यावर कोळी, मांगेला, भंडारी या समाजांची वस्ती आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा प्रदेश ठाणे जिल्ह्याचा भाग होता.

३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाच्या या बंदरामुळे जलमार्गाने होणाऱ्या अमली पदार्थांच्या वाहतुकीचा प्रश्न या किनाऱ्याच्या संदर्भातही विचारला जाणे स्वाभाविक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात अफगाणिस्तानातून आलेले सुमारे २,९८८ किलो हेरॉइन जप्त झाले होते. अशा घटनांमुळे ज्या मार्गाने अमली पदार्थ जातात त्या मार्गावरची गावे व्यसनाधीन होतात, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी तीन कालखंडांचा विचार केला आहे : मालव्याच्या अफूचा दमणमार्गे झालेला व्यापार, इंग्रजी राजवटीतील आबकारी धोरण आणि १९७९ नंतर मुंबईत आलेले हेरॉइन.

१. मालव्याची अफू आणि दमणचे बंदर :

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल व बिहारमधील अफूवर आपली मक्तेदारी प्रस्थापित केली होती. ही अफू कलकत्त्यात लिलावाने विकली जाई व खाजगी व्यापाऱ्यांमार्फत चीनमध्ये पोहोचे. मात्र शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या माळवा प्रदेशात पिकणारी अफू कंपनीच्या नियंत्रणाबाहेर होती. ती स्वस्त असल्यामुळे चीनच्या बाजारात बंगालच्या अफूशी स्पर्धा करू लागली. म्हणून १८०३ पासून कंपनीने माळवी अफूची निर्यात रोखण्याचे प्रयत्न सुरू केले व १८०५ मध्ये मुंबई बंदरातून तिच्या निर्यातीस मनाई केली.

या मनाईमुळे व्यापार थांबला नाही, त्याने केवळ बंदर बदलले. दमण १५५९ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि चीनच्या किनाऱ्यावरील मकाव हेही पोर्तुगीजांचेच ठाणे होते. त्यामुळे माळव्याची अफू दमणला आणून तेथून जहाजाने मकावकडे पाठविणे व्यापाऱ्यांना सोयीचे झाले. मुंबईतील गुजराती, मारवाडी व पारशी व्यापारी तसेच रोजेरियो द फारिया यांच्यासारखे गोमंतकीय व्यापारी या व्यवहारात गुंतलेले होते. अमर फारुकी यांनी ‘स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्जन’ या ग्रंथात या व्यापाराचे सविस्तर विवेचन केले आहे. कंपनीच्या दृष्टीने जी तस्करी होती ती पश्चिम भारतातील देशी भांडवलाच्या वाढीचे एक प्रमुख साधन ठरली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर उत्तर कोकणचा किनारा आणि गुजरातमधील बरेचसे मार्ग कंपनीच्या देखरेखीखाली आले. तेव्हा व्यापाऱ्यांनी एक लांबचा मार्ग पत्करला. अफूचे तांडे माळव्यातून राजपुतान्यातील पाली व जैसलमेरमार्गे सिंधमध्ये, तेथून कराची बंदरात आणि कराचीहून समुद्रमार्गे दमणला येऊ लागले. सरळ अंतराने जवळ असलेले बंदर गाठण्यासाठी वाळवंट आणि समुद्र ओलांडला जात होता, यावरून या व्यापारातील नफ्याची कल्पना येते.

मनाईचा उपयोग होत नाही हे लक्षात आल्यावर १८३१ च्या सुमारास कंपनीने धोरण बदलले. प्रत्येक पेटीवर १७५ रुपये शुल्क भरून माळवी अफू मुंबईमार्गे नेण्याची परवानगी देण्यात आली. तरीही बराच माल दमणकडे जात असल्याने १८३५ मध्ये शुल्क १२५ रुपयांपर्यंत कमी करण्यात आले. १८४३ मध्ये सिंध प्रांत इंग्रजांनी जिंकला आणि कराचीचा मार्ग बंद झाला. त्याबरोबर स्पर्धेचे भय उरले नाही. शुल्क १८४३ मध्ये २०० रुपये, १८४५ मध्ये ३०० रुपये, १८४७ मध्ये ४०० रुपये आणि १८६१ मध्ये ७०० रुपये झाले. दमणचा अफूचा व्यापार संपला व तो सर्वस्वी मुंबईत केंद्रित झाला.

जवळपास चार दशके दमणच्या शेजारचा हा किनारा आंतरराष्ट्रीय अफू व्यापाराच्या अगदी निकट होता. परंतु त्यामुळे डहाणू परिसरातील वारली किंवा कोळी समाज अफूचा मोठा ग्राहक झाला नाही. याचे कारण आर्थिक होते. सुमारे १४० पौंड वजनाच्या अफूच्या पेटीची किंमत चीनच्या बाजारावरून ठरत असे. ज्या प्रदेशात रोख पैसा दुर्मिळ होता आणि बरेच व्यवहार धान्य व श्रम यांच्या देवघेवीने होत होते, तेथे या मालाला गिऱ्हाईक नव्हते. शिवाय ताड, शिंदी आणि मोह या झाडांपासून मिळणारी नशा येथे सहज उपलब्ध होती. अफूचा वापर रुजला तो मुंबईतील गिरणी कामगारांच्या चाळींत. आईला दिवसभर गिरणीत राबता यावे म्हणून तान्ह्या मुलाला अफूयुक्त ‘बाळगोळी’ देण्याची प्रथा तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालू होती. मजुरीचे रोख वेतन, कामाचे दीर्घ तास आणि परवानाधारक दुकान या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे अफू स्थिरावली.

२. आबकारी धोरण आणि स्थानिक नशेतील बदल :

डहाणू परिसरातील नशेचे स्वरूप बदलले ते दमणच्या अफूमुळे नव्हे, तर सरकारच्या आबकारी धोरणामुळे. ताडी आणि शिंदी ही झाडाच्या रसापासून होणारी सौम्य पेये होती. ती ताजी असताना अन्नासारखीही घेतली जात. मोहफुलांपासून घरगुती भट्टीवर दारू गाळली जाई. सण, लग्न आणि देवकार्य यांत या पेयांना स्थान होते. त्यांचा पुरवठा स्थानिक, ऋतुमानावर अवलंबून आणि प्रायः पैशाविना होणारा होता.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ही व्यवस्था मोडली. ताडीच्या प्रत्येक झाडावर कर बसविण्यात आला, घरगुती भट्ट्यांवर बंदी आली आणि दारू गाळण्याचे व विकण्याचे हक्क मक्तेदारांकडे गेले. उरण येथील भट्ट्यांत मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर तयार होऊन परवानाधारक दुकानांतून विकली जाऊ लागली. कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल मिळविणे, असे या धोरणाचे समर्थन केले जाई. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील भंडारी समाजाने १८८० च्या दशकात या कराविरुद्ध तक्रारी केल्या. ताडीवरील कर इतका वाढविला आहे की मक्तेदाराच्या मोहाच्या दारूपुढे ताडी टिकू नये, असा त्यांचा आक्षेप होता. १८९२ च्या मोहफूल कायद्याने पुढचे पाऊल टाकले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. जंगलात पडणारे फूल, जे आदिवासी कुटुंबाचे टंचाईच्या दिवसांतील अन्नही होते, ते वेचून घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकत होता.

या धोरणाचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम असा की सौम्य पेयाची जागा तीव्र पेयाने घेतली. झाडावर कर असेल तर प्रत्येक झाडाच्या रसाला अधिक दाम मिळविणे भाग पडते, आणि मक्तेदाराला दूरवर वाहून नेण्यास व साठवून ठेवण्यास गाळलेली दारूच परवडते. दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. जे पूर्वी पैशाविना मिळत होते ते आता दुकानातून विकत घ्यावे लागू लागले आणि पैसा नसल्यामुळे उधारीवर घ्यावे लागू लागले. दारूचा दुकानदार, सावकार आणि जमीनदार या भूमिका अनेकदा एकाच व्यक्तीकडे असत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी राबण्याची ‘लग्नगडी’ पद्धत याच प्रदेशातील होती. लग्नखर्चात दारूचा वाटा असल्यामुळे नशा आणि वेठ यांचा संबंध प्रत्यक्ष होता.

३. देवी चळवळ, वारल्यांचा उठाव आणि दारूबंदी :

या व्यवस्थेला पहिले मोठे आव्हान आदिवासींनीच दिले. १९२२ मध्ये पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात देवीच्या पूजेचा एक विधी सुरू झाला. तो पुढे आदिवासी पट्ट्यात शिरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण गुजरातपर्यंत पोहोचला. अंगात आलेल्या देवीच्या मुखातून दारू व ताडी सोडावी, मांसाहार वर्ज्य करावा, स्वच्छ राहावे, दारू विकणाऱ्यांकडे कामाला जाऊ नये अशा आज्ञा दिल्या जात. डेव्हिड हार्डिमन यांनी ‘द कमिंग ऑफ द देवी’ या १९८७ मधील ग्रंथात या चळवळीचा इतिहास मांडला आहे. तीमागे केवळ धार्मिक सुधारणेची प्रेरणा नव्हती. दारूच्या दुकानदाराची सत्ता नाकारण्याचा तो प्रयत्न होता. अनेक गावांतील दुकाने ओस पडली, तेव्हा त्याचा फटका विक्रेत्यांना आणि सरकारी महसुलालाही बसला. चळवळीचा जोर पुढे ओसरला, पण मागणी कमी करण्याचे काम समाज स्वतः करू शकतो हे तिने दाखवून दिले.

उधारी आणि वेठ यांचे मूळ मात्र जमीनसंबंधांत होते. मे १९४५ मध्ये तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठ व लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या लढ्याची हकिकत आहे. दुकानदाराला शरण जाण्याची सक्ती ज्या कर्जामुळे येत होती त्या कर्जाच्या बंधनावर या लढ्याने आघात केला.

१९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. १ मे १९६० रोजी राज्याचे विभाजन होऊन उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला आणि उर्वरित गावे तलासरी या नावाने महाराष्ट्रात राहिली. डिसेंबर १९६१ मध्ये दमण भारतात विलीन झाले. पुढे महाराष्ट्राने दारूबंदी शिथिल केली, गुजरातने ती कायम ठेवली आणि दमणमध्ये कमी करामुळे मद्य स्वस्त राहिले. एकाच बाटलीला काही मैलांच्या अंतरावर तीन वेगवेगळे कायदे लागू झाले. ज्या दमणमधून एकेकाळी अफू मकावला जात होती तेथून आता मद्य चोरट्या मार्गाने गुजरातकडे आणि महाराष्ट्राकडे जाऊ लागले. माल बदलला तरी कर व बंदी यांतील फरकावर चालणारा व्यवहार तोच राहिला.

४. १९७९ नंतरचे स्थित्यंतर : अफूकडून गर्दकडे :

विसाव्या शतकात अफूच्या व्यापाराचे स्वरूप पालटले. १९०७ च्या करारानुसार भारतातून चीनला होणारी निर्यात कमी होत जाऊन १९१३ मध्ये ती थांबली. स्वातंत्र्यानंतर, ३१ मार्च १९५९ पर्यंत औषधी उपयोगाव्यतिरिक्त अफूचे सेवन बंद करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. नोंदणीकृत अफूबाजांना मर्यादित पुरवठा चालू राहिला. मुंबईत कामाठीपुरा व आसपासच्या वस्तीत अफू ओढण्याचे चोरटे अड्डे १९७० च्या दशकातही होते. जीत थयिल यांच्या ‘नार्कोपोलिस’ या २०१२ मधील कादंबरीची पार्श्वभूमी हीच आहे.

१९७९ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली, पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या राजवटीने अमली पदार्थांवर बंदी घालणारा हद्दचा आदेश काढला आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. इराणच्या बाजारपेठेकडे जाणारे जुने मार्ग विस्कळीत झाले. पाकिस्तान–अफगाणिस्तान सीमेवर साठलेल्या अफूपासून हेरॉइन तयार करण्याचे उद्योग वाढले. साधारणपणे दहा किलो अफूपासून एक किलो हेरॉइन मिळते. वजन व आकार कमी झाल्यामुळे लपविणे आणि वाहून नेणे सोपे झाले. त्यातील अशुद्ध, तपकिरी आणि ओढण्याजोगे हेरॉइन १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोहोचले. ‘ब्राऊन शुगर’ किंवा मराठीत ‘गर्द’ या नावाने ते परिचित झाले. त्याच काळात कापड गिरण्यांचा १९८२ चा संप झाला आणि कामगार वस्त्यांतील तरुण पिढी बेकारीला सामोरी गेली. दूरच्या देशातील राजकीय उलथापालथ आणि जवळच्या वस्तीतील रोजगाराचा ऱ्हास या दोहोंची गाठ पडली.

समाजाच्या पातळीवर या संकटाची दखल घेतली गेली. १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन ही संस्था सुरू झाली व तिचे कार्य वसईपर्यंत विस्तारले. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेल्या लेखनातून पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्यामागे डॉ. अनिता अवचट यांचे परिश्रम आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे अर्थसाहाय्य होते.

शासनाने १९८५ मध्ये अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. मूळ कायद्यात अफू व हेरॉइन या दोहोंच्या व्यापाराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी अशी सारखीच शिक्षा होती. प्रमाणानुसार शिक्षेची वर्गवारी २००१ च्या दुरुस्तीने आली. गर्द या कायद्यापूर्वीच आले होते, त्यामुळे कायद्याने गर्द आणले असे म्हणता येत नाही. परंतु एक किलो अफूला व एक किलो हेरॉइनला सारखीच शिक्षा असेल तर विक्रेता अधिक दामाचा आणि कमी जागेचा माल निवडणार, हे उघड आहे. ताडीवरील कराने जसा तीव्र दारूचा मार्ग मोकळा केला तसेच येथेही घडले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात अफूचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण हेरॉइनपेक्षा अधिक होते. २०१९ च्या सर्वेक्षणात हेरॉइनचे प्रमाण १.१४ टक्के, औषधी ओपिऑइड द्रव्यांचे ०.९६ टक्के आणि अफूचे ०.५२ टक्के आढळले. पंधरा वर्षांत क्रम उलटला होता. त्याच सर्वेक्षणात मद्यसेवनाचे प्रमाण १४.६ टक्के होते, हेही येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

५. पुरवठा आटतो तेव्हा :

पुरवठा वाढल्याचे परिणाम दिसतात, परंतु तो आटल्याचे परिणाम अधिक गुंतागुंतीचे असतात. ऑस्ट्रेलियात २००१ च्या आरंभी हेरॉइनची अचानक टंचाई झाली. अतिसेवनाने होणारे मृत्यू घटले, पण काही व्यसनाधीन व्यक्ती कोकेन व मेथॅम्फेटामाइनकडे वळल्या. भारतातील महानगरांत १९९० च्या दशकात गर्द महाग किंवा दुर्मिळ झाले की ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे टोचून घेण्याकडे अनेक जण वळले. त्यातून सामायिक सुयांद्वारे एचआयव्हीचा प्रसार झाला. पुढे हेच ब्युप्रेनॉर्फिन वैद्यकीय देखरेखीखाली जिभेखाली ठेवावयाच्या गोळीच्या रूपात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातील पर्यायी उपचारासाठी वापरले जाऊ लागले. एकच द्रव्य बाजारात रोगाचे आणि दवाखान्यात उपचाराचे साधन ठरले.

एप्रिल २०२२ मध्ये तालिबान राजवटीने अफगाणिस्तानात अफूच्या लागवडीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार तेथील अफूचे उत्पादन २०२२ मधील सुमारे ६,२०० टनांवरून २०२३ मध्ये ३३३ टनांवर आले. यापूर्वी २००० मधील बंदीनंतरही अशीच घट झाली होती, मात्र ती एक वर्षच टिकली. भारतात मंदसोर, नीमच या माळव्यातील भागांत व राजस्थानात आजही परवान्याने अफू पिकते आणि तीतील काही भाग चोरट्या बाजाराकडे वळतो. दुसरीकडे रासायनिक पद्धतीने तयार होणाऱ्या पदार्थांचा प्रसार झाला आहे. मेफेड्रोन हा असा पदार्थ असून २०१५ मध्ये तो उपरोक्त कायद्याच्या कक्षेत आला. ऑगस्ट २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातीलच नालासोपारा येथे मुंबई पोलिसांनी सातशे किलोपेक्षा अधिक मेफेड्रोन जप्त केले. या पदार्थाला ना खसखशीचे शेत लागते, ना समुद्रमार्ग. एक गाळा आणि रसायने मिळाली की पुरवठा ग्राहकाच्या शेजारीच निर्माण होतो.

डहाणू–तलासरीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्या, बांधकामे आणि कारखाने यांवरील मजुरीसाठी वसई, भिवंडी व मुंबईकडे स्थलांतर करतात. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येते. एकोणिसाव्या शतकात रोख वेतनाअभावी जी अफू या गावांत शिरली नाही तिच्या आजच्या पर्यायांना तो अडसर राहिलेला नाही.

निष्कर्ष :

१. मार्गाचे सान्निध्य हे व्यसनाचे पुरेसे कारण नाही. दमणमार्गे अफूचा मोठा व्यापार चालू असतानाही डहाणूचा आदिवासी तिचा ग्राहक नव्हता. रोख वेतन, उधारी आणि विक्रीची व्यवस्था यांवर स्थानिक सेवन अवलंबून असते.

२. मनाईमुळे पुरवठा नष्ट होण्याऐवजी मार्ग किंवा माल बदलल्याची उदाहरणे अधिक आहेत. १८०५ नंतर अफूने बंदर बदलले, १९६० नंतर सीमेवर मद्याची चोरटी वाहतूक वाढली आणि १९७९ नंतर अफूची जागा हेरॉइनने घेतली.

३. सौम्य व स्थानिक पदार्थावर कर किंवा बंदीचा भार सारखाच टाकला तर तीव्र व सुवाह्य पदार्थाला लाभ होतो. १८७८ चे आबकारी धोरण व १९८५ चा मूळ कायदा या दोहोंत हा दोष दिसून येतो.

४. मागणी कमी करण्याचे यशस्वी प्रयत्न समाजातून झाले आहेत. देवी चळवळ, वारल्यांचा लढा आणि व्यसनमुक्ती केंद्रे ही त्याची उदाहरणे होत. मात्र कर्ज व बेकारी कायम राहिली तर असे प्रयत्न दीर्घकाळ टिकत नाहीत.

वाढवण बंदराच्या निमित्ताने किनाऱ्यावरील सुरक्षा वाढविली जाईल आणि ती आवश्यकही आहे. परंतु केवळ मालाच्या तपासणीवर भर दिला, तर बंदराभोवती उभ्या राहणाऱ्या मजूर वस्त्यांचा प्रश्न दुर्लक्षित राहील. मुंबईच्या गिरणगावात बाळगोळी आणि गर्द या दोन्ही गोष्टी बंदरातून नव्हे, तर कामाच्या व जगण्याच्या परिस्थितीतून घरात शिरल्या. बंदराच्या बांधकामाबरोबरच डहाणू व तलासरी येथे मजुरांसाठी आरोग्यकेंद्रे, पाळणाघरे, नियमित वेतन आणि शासकीय व्यसनोपचाराची सोय उभी करणे, हा या दोनशे वर्षांच्या अनुभवाचा व्यावहारिक अर्थ आहे.